सहा वाजताचा नळ

१

बुधवारी सकाळी आठ वाजता धुण्याच्या नळाखाली बोका मेलेला सापडला. अंगावर ओरखडा नाही, तोंडाला फेस नाही. पुढचे पंजे ओल्या फरशीवर ताठ झालेले आणि तोंड पितळी तोटीला चिकटलेलं. पाणी पिता पिताच गेला होता.

बोका कुणाचाच नव्हता. सगळ्या आळीचं खायचा आणि कुणाचं ऐकायचा नाही, म्हणून मला आवडायचा.

शेजारचे पोपटराव भिंतीवरून डोकावले. पोपट शितोळे आयुष्यभर बस चालवून निवृत्त झाले, आता भिंतीवर कोपरं टेकून आमचं घर चालवतात. त्यांनी लगेच निकाल दिला, की कुणीतरी विष घातलं.

मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. माझे मालक, धोंडिबा ओव्हाळ, खडकीच्या कारखान्यात तीस वर्षं वायरमन होते. त्यांनी शिकवलेलं एक मी विसरले नाही. धातूचा संशय आला तर हाताची पाठ लावून बघायची, तळवा कधी लावायचा नाही. करंट लागला की मूठ मिटते, आणि मिटलेली मूठ सुटत नाही. मी नळाला हाताची पाठ लावली. काही नाही, नुसतं गार पितळ.

म्हणजे विषच, असं म्हणून बोका पुरला. पण त्याचं ते तोटीला चिकटलेलं तोंड डोळ्यांपुढून हलेना. गुरुवारी सकाळी सहालाच मी पुन्हा नळापाशी गेले आणि परत हाताची पाठ लावली.

कोपरापर्यंत हातोडा बसावा तसं झालं. मी मागच्या भिंतीवर आपटले आणि खाली बसले. 

मला साठ वर्षांत एवढी भीती वाटली नव्हती, आणि ती माझ्या जिवासाठी नव्हती. शनिवारी माझी नात येणार होती. चौदा महिन्यांची, नुकती उभी राहायला लागलेली. हाताला येईल ते घट्ट धरून उभी राहायची. तळव्याने.

२

मी मेन स्विच पाडला, बोर्डाच्या पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेच्या बटव्यात टाकली. मग अंधाऱ्या स्वयंपाकघरात बसून पहिल्यापासून आठवायला लागले.

घर विश्रांतवाडीत, दोन मजली. खाली मी, वर भाडेकरू. घर आणि विजेचं मीटर माझ्या मुलाच्या, अभिनवच्या नावावर. तो नऊ वर्षं जर्मनीत. त्याच्या येण्यात तीन वर्षांचा खंड पडलेला. नातीला पुण्याचा उन्हाळा सोसणार नाही म्हणून त्याला दोन्ही मजल्यांवर एसी हवे होते. घराला वीज मंजूर होती तीन किलोवॉट, म्हणजे पंखे, फ्रिज आणि माझा मिक्सर. त्याने तिकडे बसून बारा किलोवॉटचा अर्ज केला. त्याचं इथलं सिमकार्ड माझ्या जुन्या फोनात आहे. अर्जातलं एकेक पाऊल पुढे सरकलं की त्यावर सहा आकडे यायचे, तो फोन करायचा आणि मी वाचून दाखवायचे. मी चौथीपर्यंतच शिकले, पण आकडे मला कुणी चुकवून दाखवावेत.

वीज कंपनीच्या माणसांनी फाटकाजवळ मोठं मीटर बसवलं. त्यापुढचं घरातलं काम घरमालकाने करून घ्यायचं. ते केलं शहेजादने. त्याचे वडील मकबूल मिस्त्री आणि माझे मालक दोस्त. या घराचं पहिलं वायरिंग दोघांनी मिळून केलेलं. कामावर देखरेखीला होता संजय, माझ्या नणंदेचा मुलगा. अभिनवने त्यालाच अधिकारपत्र दिलेलं.

पहिल्याच दिवशी एक मजूर नवीकोरी कुदळ घेऊन अंगणातल्या बकुळीपाशी चुन्याची रेघ ओढायला लागला. त्या बकुळीखाली माझ्या मालकांच्या अस्थी आहेत. आमच्यात अस्थी नदीत सोडत नाहीत, मातीत ठेवून वर झाड लावतात. मी त्याला म्हणाले की इथे कुदळ घालायची असेल तर पहिली माझ्या अंगावर घाल. तो कुदळ तिथेच टाकून पळाला. शहेजाद आणि संजय शेजारी मान खाली घालून उभे होते. माझ्या तोंडापुढे कोण टिकतं? ती कुदळ अजून भिंतीला टेकून उभी आहे, पात्यावर दुकानाचा कागद तसाच.

पुढचे तीन दिवस मी विहारात होते. चौदा एप्रिलची तयारी, अडीचशे माणसांचा स्वयंपाक. पंधराला परत आले तर काम झालेलं, आणि प्रत्येक गोष्टीचा फोटो जर्मनीला पोचलेला.

आता या नळात मरण होतं. आणि संजयने गेल्या वर्षात दोनदा एका बिल्डरचा माणूस माझ्याकडे आणला होता. म्हातारी हलली तर जागा मोकळी होते, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

अभिनवला सांगितलं तर तो हॉटेलात उतरणार. सूनबाई पूर्वा तशीही फोनवर दर वेळी विचारते की तिकडचं पाणी उकळून घेता ना. म्हणजे पुन्हा तीन वर्षं. मी ठरवलं, ते शुक्रवारी संध्याकाळी विमानात बसणार; शुक्रवारी दुपारपर्यंत छडा लावायचा. नाही लागला तर सगळं सांगून टाकायचं.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. कुणीतरी हळूहळू खाली येत होतं.

३

चैताली होती, वरची भाडेकरू. खराडीच्या कंपनीत आहे, दुपारपर्यंत घरून काम करते. वीज का गेली म्हणून विचारायला आली होती. मी म्हटलं, बस, चहा घे, गॅस अजून विजेवर चालत नाही.

चहा ओतता ओतता मी तिला बोक्याबद्दल विचारलं. तिचा कप बशीत वाजला. सकाळी सहाला काय करतेस, तर म्हणाली, अंघोळ. सातला कंपनीचे फोन सुरू होतात. नळाला कधी झटका बसला का, तर म्हणाली, नाही हो काकू. असं म्हणताना तिने स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

मीही पाहिलं. पायांत रबरी चपला होत्या.

दोन वर्षं ही मुलगी घरात अनवाणी फिरतेय. गार फरशीवर बरं वाटतं म्हणायची, आणि खालून मला तिच्या टाचा ऐकू यायच्या. मी झाडू शोधायचं निमित्त करून वर गेले. बाथरूमच्या दारात नवी रबरी चटई अंथरलेली होती.

पोरीला माहीत होतं. नळात काहीतरी आहे हे तिला माहीत होतं, तिने स्वतःचे पाय सांभाळले आणि मला सांगितलं नाही.

मी जिना उतरले तेव्हा कठडा लोखंडी आहे हे आठवून मधेच हात काढून घेतला. वीज मीच बंद केलेली होती, तरी.

४

शहेजादचं दुकान बुधवार पेठेत. मी रिक्षा केली. मला बघितल्यावर तो गल्ल्यावरून उठला, स्टूल पुसून दिलं आणि पाणी मागवलं. वाईट पोरगा नाही. पण नजर वर करत नव्हता.

नळाचं सांगितल्यावर त्याचा चेहरा उतरला. त्याने समजावलं. एखाद्या यंत्रातून वीज गळली तर तिला जमिनीत घेऊन जाणारी वाट लागते, तिला अर्थिंग म्हणतात. जमिनीत खोल खड्डा करून तांब्याची पट्टी पुरायची आणि घरातली हिरवी वायर तिला जोडायची. ती वाट असली तर माणसाला झटका बसत नाही.

"आणि नसली तर?"

"तर जो हात लावेल तोच वाट, मावशी."

दुकानातला पंखा घरघरत होता. मी विचारलं, आपल्या घरी ती वाट आहे का.

आहे की, म्हणाला. जुनी गंजून तुटली होती, ती बोर्ड बदलताना काढली. नव्यासाठी हिरवी वायर बाहेरच्या डब्यापर्यंत आणून ठेवली.

"आणि पुढे?"

"पुढचं संजयभाऊंनी माणूस लावून केलं. त्या झाडापाशी परत दिसलास तर तंगडं मोडीन, असं तुम्हीच म्हणाला होतात मला." त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "पण झालंय ते. खड्ड्याचा फोटो बघूनच मी वीज कंपनीला द्यायचा तपासणीचा रिपोर्ट तयार करायला दिला. अभिनवकडे आहे तो फोटो, बघा तुम्ही."

स्वतः खड्डा बघितला नाहीस, असं विचारल्यावर तो पुन्हा फरशी बघायला लागला.

५

अभिनवला मी खोटं बोलले. शेजारणीला तुझं काम दाखवायचंय म्हटलं. फोटो लगेच आला.

दोन बोटांनी मोठा करून मी तो बघितला. छान चौकोनी खड्डा, मधोमध तांब्याची चकचकीत पट्टी, भोवती कोळसा आणि मीठ. खड्ड्याच्या काठावर हळदी-कुंकवाची बोटं ओढलेली. बाजूला नारळाची दोन शकलं आणि झेंडूचं फूल. मागे निळ्या भिंतीचा तुकडा.

मी पुन्हा त्या नारळाकडे बघितलं.

माझ्या सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली. तेव्हापासून आमच्या घरात ना नारळ फुटला, ना जमिनीला कुंकू लागलं. या घराच्या पायाला पहिली कुदळ घातली तेव्हा आम्ही वंदना म्हटली होती. शहेजादला हे कळणार नाही, त्याला ही सगळी सारखीच. अभिनवला कळायला हवं होतं, पण नऊ वर्षांत माझ्या पोराला नारळ दिसेनासा झाला. त्याने नुसतं तांबं बघितलं.

मी अंगणात गेले. कुदळीच्या पात्यावरचा कागद तसाच, धारेवरचा काळा रंग तसाच. मातीला टेकलीच नव्हती. बाकी सगळ्या अंगणाला फरशी, एकही तुकडा उचकटलेला नाही. आमच्याकडे खड्डा झालाच नव्हता.

आणि निळी भिंत या आळीत एकाचीच आहे. पोपटरावांची.

ते भिंतीवर होतेच. मी फोटो समोर धरल्यावर म्हणाले, हा आमच्याच मागच्या अंगणातला, मार्चमध्ये केला. बायकोने नारळ फोडला. मी विचारलं, फोटो कुणी काढला. पोपटरावांनी इकडेतिकडे बघितलं. माणूस भांडखोर आहे, पण त्याला खोटं बोलायला वेळ लागतो.

"तुमच्या संजयने, वहिनी. खड्डा उघडा होता तेव्हाच काढला, नमुना हवाय म्हणाला."

नणंद गेली तेव्हा संजय अकरा वर्षांचा होता. माझ्या ताटात जेवून मोठा झाला. मी घरात आले आणि दाराला आतून कडी घातली. रात्रभर उकाड्यात, पंख्याशिवाय, मी त्या कडीकडे बघत बसले. या घरात आपल्याच माणसाच्या भीतीने ती घालायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं.

६

शुक्रवारी सकाळी साडेसहाला मी चौघांना नळापाशी उभं केलं. संजय, शहेजाद, चैताली, आणि भिंतीपलीकडे पोपटराव, जे बोलावलं नसतं तरी आले असते. फरशीवर मी दोन बादल्या पाणी ओतून ठेवलं होतं.

मी म्हणाले, की आता मी मेन चालू करून येते. आत गेले, पेटीचं कुलूप उघडल्याचा आवाज केला आणि परत आले.

"चैताली, वर तुझ्या बाथरूममध्ये काय चालू आहे?"

ती रडायला लागली. तिने मला न विचारता जुना गिझर आणून बसवला होता, आठवड्यापासून त्याला हात लावला की झिणझिण्या येत होत्या. मुलगी उन्हाळ्यात गरम पाण्याने अंघोळ करते हे मला कुठून सुचणार? सहाला गिझर लावायची, सातला बंद. आमचे पाइप जुने, लोखंडी, वरून थेट या नळापर्यंत आलेले. म्हणून सहाचा नळ मारायचा आणि आठचा नळ गार असायचा. बोका बिचारा लवकर उठायचा.

"मग मला का सांगितलं नाहीस?"

"तुम्ही घराबाहेर काढलं असतं, काकू."

मी तिला बाजूला केलं. म्हटलं, गिझर बिघडू शकतो. पण बिघडलेली वीज जमिनीत न्यायला वाट केली असती तर बोका वाचला असता. ती वाट केली असं अभिनवला फोटो पाठवून सांगितलं गेलं. फोटोत नारळ आहे, आणि आमची कुदळ कोरी आहे.

"ज्याने काम पूर्ण केलं," मी म्हणाले, "त्याने पुढे होऊन नळ धरावा. चपला काढून."

शहेजादने संजयकडे पाहिलं. संजयचे ओठ पांढरे झाले होते. तो एक पाऊल पुढे आला, ओल्या फरशीपाशी थांबला आणि मागे सरला.

मी त्याला विचारलं, की बिल्डरने काय कबूल केलं होतं.

त्याला प्रश्नच कळला नाही. माझ्याकडे बघत राहिला, आणि मग कळला तेव्हा त्याचा चेहरा असा झाला, की तो मला पुन्हा दिसू नये. तो फाटकाबाहेर गेला, स्कूटरची डिकी उघडली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी आणून माझ्या पायांशी ठेवलं. तांब्याची पट्टी. नवीन, न वापरलेली. तीन आठवडे तो ती घेऊन फिरत होता.

"रोज यायचो मामी, तुम्हाला विचारायला," तो म्हणाला. "सगळ्या अंगणात खाली खडक आहे. माती फक्त बकुळीपाशी. तुम्ही म्हणालात, पहिली कुदळ माझ्या अंगावर घाल. मग कोण विचारणार?"

अभिनव तिकडून रोज फोटो मागत होता. फोटो नाही तर रिपोर्ट नाही, रिपोर्ट नाही तर नवं मीटर सुरू होणार नाही. संजयला वाटलं, मी एखाद्या दिवशी बऱ्या मनःस्थितीत सापडेन, तोवर फोटो जाऊ दे. त्या तीन आठवड्यांत मी तशी सापडले नाही.

मी पुढे झाले आणि साचलेल्या पाण्यात उभी राहून नळ मुठीत धरला. चैताली किंचाळली. वीज मी चालू केलीच नव्हती. किल्ली बटव्यातच होती. पण माझी मूठ मात्र मिटली ती सुटेना. मला मारायला कुणी टपलेलं नव्हतं. माझ्या घरात तीन माणसांना माझ्यापेक्षा विजेची भीती कमी वाटत होती, एवढंच होतं.

पोपटरावांनी भिंतीवरची कोपरं काढून घेतली.

मी कुदळ उचलली, पात्यावरचा कागद नखाने खरवडून काढला आणि बकुळीपासून दोन हात सोडून पहिला घाव मीच घातला. दुसरा घालायला हात उचलेना, तेव्हा संजयने कुदळ माझ्या हातातून घेतली. मी दिली.

बाराला मी अभिनवला फोन करून सगळं सांगितलं, माझ्या तोंडासकट. म्हटलं, भरवसा नसेल तर हॉटेलात उतरा, मी तिथे येऊन भेटेन. मग फोन पूर्वाने घेतला. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार.

"आई, तुम्हाला किती जोरात लागलं?" तिने विचारलं. "डॉक्टरला हात दाखवला का?" आणि मग म्हणाली की आम्ही घरीच येतोय.

संध्याकाळपर्यंत खड्डा भरला. कोळसा, मीठ, तांबं, वर माती. शहेजादने हिरवी वायर जोडली, एक वायर विजेची आणि एक जमिनीची धरून बल्ब लावून दाखवला. पूर्ण उजेडाने पेटला. वीज गळली की आपोआप तोडणारा स्विच त्याने आणतो आणतो म्हणत लांबणीवर टाकला होता, तोही बसवला, आणि गिझर स्वतः खांद्यावर घालून घेऊन गेला. जाताना सांगून गेला की या मातीला कोरडी पडू देऊ नका, रोज पाणी घाला. मी म्हटलं, सहा वर्षं तेच करतेय.

रविवारी पहाटे नव्या जागेत नातीची झोप मोडली. सहाला ती रांगत नळापाशी पोचली आणि तोटीकडे हात केला. मी आधी माझ्या हाताची पाठ लावली. गार पितळ. मग तिला धरू दिलं. तिने दोन्ही तळव्यांनी नळ घट्ट पकडला आणि उभी राहिली.

मी बादली भरून बकुळीला घातली. आता या घरातली चुकलेली वीज तिथे जाते, मालकांच्या शेजारी. पस्तीस वर्षं माझा राग तेच जिरवत होते. ते गेल्यावर तो कुठे जात होता, हे मी कधी बघितलंच नव्हतं.